प्रेक्षकाच्या शोधात निघालेला नाटककार

रत्नाकर मतकरी १७ मे २०२० रोजी मुंबईत कोविडने गेले. टाळेबंदीचे दिवस होते, नाट्यगृहांना कुलपे होती. पासष्ट वर्षे रंगभूमीसाठी लिहिलेल्या माणसाला रंगभूमीवरच्या लोकांनी एकत्र येऊन निरोप देण्याची सोयही उरली नव्हती. त्या आठवड्यात जे काही छापून आले ते मी गोळा केले, आणि वाचताना चकित झालो. कुणी ‘अलबत्या गलबत्या’च्या जनकाला निरोप दिला होता, तर कुणी गूढकथांच्या बादशहाला. कुणाला ‘माझं काय चुकलं?’ आणि ‘अश्वमेध’ची हाउसफुल्ल वर्षे आठवली होती. नर्मदेच्या आंदोलनात आणि ‘निर्भय बनो’ चळवळीच्या सभांमध्ये त्यांना पाहिलेल्या माणसांनी एका कार्यकर्त्यावर लिहिले होते. हे सगळे खरेच होते. पण एका लेखातला मतकरी दुसऱ्या लेखातल्या मतकरींना ओळखत असेल असे वाटत नव्हते.

हे पुस्तक त्या तुकड्यांवर समाधान न मानणाऱ्यांसाठी आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटक बसवणारे शिक्षक, उत्सवात तीन अंकी उभे करणारी गावची मंडळे, एकांकिका स्पर्धांना जाणारी कॉलेजची मुले हा आमचा पहिला वाचक. त्याच्यासमोर मतकरींचे नाट्यजीवन सलग मांडावे असे ठरले आणि प्रस्तावनेचे काम माझ्याकडे आले. माझे म्हणणे एवढेच आहे. मुलांची नाटके, प्रायोगिक नाटके, व्यावसायिक नाटके आणि वस्तीतल्या मुलांबरोबरचे काम ही मतकरींची चार आयुष्ये नव्हती. नाटकासमोर कोण बसले आहे आणि कोण अजून आत आलेलेच नाही, हा प्रश्न ते जन्मभर स्वतःला विचारत राहिले. प्रेक्षक बदलला की ते नाटकाची जात बदलत. त्यांचे काम या अंगाने पाहिले की तुकडे जुळतात.

जन्म मुंबईतला, १७ नोव्हेंबर १९३८चा. १९५५ साली ‘वेडी माणसं’ ही त्यांची एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली. लेखकाने सतरावे वर्षही पुरे केले नव्हते. १९५८मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि बँक ऑफ इंडियात नोकरीला लागले. पुढली वीस वर्षे ही नोकरी चालली. मराठी रंगभूमीचा फार मोठा भाग अशाच माणसांनी उभा केला आहे. दिवसा बँक, एल.आय.सी., रेल्वे, पोस्ट, आणि संध्याकाळी तालीम. कर्जतच्या लोकलने रोज मुंबईला जाऊन येणारे आमचे हौशी नट हेच करतात. फरक इतकाच की त्यांच्या तालमीच्या वेळेतून प्रवासाचे तास आधी वजा होतात.

बालरंगभूमीची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे मोठी माणसे अजूनही सुट्टीतला विरंगुळा म्हणून पाहतात. सुधा करमरकर अमेरिकेतून मुलांच्या रंगभूमीचे शिक्षण घेऊन परतल्या आणि १९५९मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने त्यांची ‘लिटल थिएटर’ ही संस्था उभी राहिली. संस्थेचे पहिले नाटक होते ‘मधुमंजिरी’, आणि ते लिहिले होते विशीतल्या मतकरींनी. तोवर मुलांचे नाटक म्हणजे शाळेत मुलांनी मोठ्यांसाठी करून दाखवायची गोष्ट होती. पाठांतर नीट झाले का, उच्चार स्वच्छ आहेत का, हे मोठे तपासत बसायचे. ‘मधुमंजिरी’ने ही बैठक उलटी केली. मूल प्रेक्षागृहात बसले, आणि त्याच्यासाठी मोठ्या नटांनी, खऱ्या नेपथ्यासह, खऱ्या प्रकाशयोजनेसह नाटक केले.

१९६२मध्ये मतकरींनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. पत्नी प्रतिभा मतकरी या कामात बरोबरीने होत्या. पैशांचा पाठिंबा नावालाच. मतकरी चित्रकार होते आणि ती कला या संस्थेला मिळालेले सर्वांत मोठे भांडवल ठरली. ते नाटक लिहीत, बसवत आणि नेपथ्यही स्वतः करत. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अचाट गावची अफाट मावशी’, ‘राक्षसराज झिंदाबाद’, ‘अलबत्या गलबत्या’ ही नावे नुसती मोठ्याने म्हटली तरी त्यांतला ठेका कळतो. दिलीप प्रभावळकरांनी याच संस्थेत ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण केली. मराठी रंगभूमीच्या एका मोठ्या नटाची जडणघडण मुलांसमोर झाली, ही बाब त्यांच्या चाहत्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. मुलांसमोर काम करणे नटासाठी फार अवघड. मोठा माणूस कंटाळला तरी तिकिटाची आठवण ठेवून बसून राहतो. मूल तत्क्षणी शेजाऱ्याशी बोलायला लागते.

या नाटकांत उपदेश नाही, म्हणून ती मला अजून वाचावीशी वाटतात. मुलांना आरोग्याचे, स्वच्छतेचे, देशभक्तीचे धडे देणाऱ्या नाटुकल्यांचा आपल्या शाळांत अजूनही सुकाळ आहे. शिक्षक म्हणून मीही त्या बसवल्या आहेत. मतकरींची चेटकीण कुठलाही धडा द्यायला येत नाही. ती दुष्ट आहे आणि मजेशीर आहे, आणि मुलाला एकाच वेळी भीती आणि हसू या दोन्हींचा अनुभव घेता येतो. मूल हे पूर्ण प्रेक्षक आहे, अर्धे नाही, हा विश्वास त्यामागे आहे. २०१८मध्ये ‘अलबत्या गलबत्या’ चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा व्यावसायिक रंगमंचावर आले, वैभव मांगले चेटकीण झाले, आणि चार-पाच दशकांपूर्वीच्या संहितेला नव्या मुलांनी तसाच प्रतिसाद दिला.

दहा वर्षे मुलांसाठी काम केल्यावर १९७२मध्ये मतकरींनी ‘सूत्रधार’ ही दुसरी संस्था काढली, मोठ्यांच्या प्रायोगिक नाटकांसाठी. तो काळ मराठी नाटकाच्या मोठ्या घुसळणीचा होता. ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ १९७२चे, सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ १९७४चे. त्याच १९७४मध्ये मतकरींचे ‘आरण्यक’ आले. महाभारताचे युद्ध संपले आहे, राज्य पांडवांचे आहे आणि हरलेले व जिंकलेले दोन्हीकडचे म्हातारे, म्हणजे धृतराष्ट्र, गांधारी, विदुर आणि कुंती, वनात निघाले आहेत. ज्या कथेत सगळे लेखक रणांगणाकडे धावतात, तिच्यातला हा शेवटचा, जवळजवळ निर्मनुष्य भाग मतकरींनी निवडला आणि मुक्तछंदात लिहिला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या नाट्यलेखनात ‘आरण्यक’ सर्वांत वरचे. ‘अंधा युग’ किंवा ‘ययाति’ या महाभारतावरच्या नाटकांबरोबर त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, आणि त्याचे एक कारण म्हणजे मतकरींवर आधीच बसलेला ‘मुलांचे लेखक’ हा शिक्का. २०१८मध्ये हे नाटक पुन्हा उभे राहिले तेव्हा रवी पटवर्धन ऐंशीच्या घरात धृतराष्ट्र करत होते. तरुणपणी केलेली हीच भूमिका ते आता धृतराष्ट्राच्या वयात करत होते. प्रभावळकर विदुर झाले होते, प्रतिभा मतकरी रंगमंचावर होत्या, दिग्दर्शन मतकरींचेच. चेहऱ्यावर सुरकुत्या रंगवाव्या लागू नयेत अशा वयाच्या नटांनी वृद्धांचे हे नाटक केले.

इथे थोडा दूरचा प्रवास करू. त्याच वर्षांत इंडोनेशियात मतकरींहून तीन वर्षांनी मोठा एक नाटककार-दिग्दर्शक काम करत होता. डब्ल्यू. एस. रेन्द्रा. ७ नोव्हेंबर १९३५ रोजी जावा बेटावरच्या सुराकार्ता शहरात, कॅथलिक घरात त्याचा जन्म झाला. वडील भाषेचे शिक्षक आणि नाटकवाले, आई राजवाड्याच्या परंपरेतली नर्तकी. तो कवी म्हणून आधी गाजला, १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नाट्यशिक्षण घेऊन परतला आणि १९६७मध्ये योग्याकार्ता इथे त्याने ‘बेंगकेल तेआतर’, म्हणजे नाटकाची कार्यशाळा, सुरू केली. जवळजवळ शब्दांशिवायची, हालचाल आणि ध्वनी यांवर उभी असलेली नाटके त्याने आधी केली. सोफोक्लीस, शेक्सपिअर, बेकेट त्याने जावाच्या मातीत रुजवले. पुढे तो स्वतः लिहू लागला आणि लिखाण थेट देशाचे हुकूमशहा सुहार्तो यांच्या राजवटीच्या अंगावर गेले.

१९७५मध्ये जकार्तात त्याने ‘नागा जमातीच्या लढ्याची कहाणी’ हे नाटक केले. एका काल्पनिक राज्यात नागा नावाची जमात डोंगरदरीत शेती करून राहते. तिच्या जमिनीखाली तांबे सापडते. राणी, मंत्री, सेनाधिकारी आणि परदेशी कंपनीचे दूत यांना तिथे खाण हवी आहे. जमात हलायला नकार देते. गोष्ट सांगायला रेन्द्राने दलांग घेतला. वायांग या जावातल्या छायानाट्यात बाहुल्या नाचवत रात्रभर महाभारत-रामायण सांगणारा तो निवेदक. आणि राज्याचे नाव ठेवले अस्तिनाम, ज्यात जावाच्या प्रेक्षकाला वायांगमधले अस्तिना, म्हणजे आपले हस्तिनापूर, लगेच ऐकू येते. ‘आरण्यक’ आणि हे नाटक यांच्यात एका वर्षाचे अंतर. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले होते असे मला कुठे आढळलेले नाही. पण दोघांनाही आपल्या काळातल्या सत्तेविषयी बोलायचे होते, आणि दोघांच्या हाताशी तीच प्राचीन राजधानी होती. मतकरींनी तिच्यात सत्तेनंतरचे रितेपण पाहिले, रेन्द्राने सत्तेचा चालू व्यवहार.

१९७८ या वर्षापाशी दोघे पुन्हा शेजारी येतात. त्या वर्षी जकार्तातल्या तामान इस्माइल मार्झुकी या कलासंकुलात रेन्द्राचे काव्यवाचन चालू असताना मंचाकडे अमोनियाचे बॉम्ब फेकले गेले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, मे महिन्यात, अटक मात्र कवीला झाली. तो काही महिने तुरुंगात होता. सुटल्यावरही १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याला जाहीर प्रयोग करू दिले नाहीत. १९८६मध्ये ‘पानेम्बाहान रेसो’ या अनेक तास चालणाऱ्या नाटकाने तो परतला. २००९मध्ये, जकार्ताजवळच्या देपोक इथे त्याचा मृत्यू झाला.

त्याच १९७८ साली मतकरींनी बँकेची वीस वर्षांची नोकरी सोडली, आणि त्याच वर्षी ‘लोककथा ’७८’ लिहिले. ही काही फुरसतीची वर्षे नव्हती. आणीबाणी उठून वर्षच झाले होते. जुलैच्या अखेरीस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि पाठोपाठ मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. ‘लोककथा’ खेड्यात दलितांवर होणाऱ्या अत्याचाराची गोष्ट सांगते. तिचा मोठेपणा विषयात आहे तितकाच बांधणीत आहे. गावातली माणसेच आपली कहाणी सांगायला उभी राहतात. समूह कधी निवेदक होतो, कधी गाव होतो, कधी जमाव. दिवाणखान्याच्या तीन भिंतींची इथे गरज नाही. लोकनाट्याच्या अंगाने, मोकळ्या जागेत हे नाटक होऊ शकते. शहरातल्या मध्यमवर्गीय लेखकाने दलितांचे दुःख लिहावे का, त्याला ते कितपत कळते, हे प्रश्न या नाटकाला विचारले पाहिजेत आणि मी ते विचारतो. काही ठिकाणी लेखकाचा संताप पात्रांच्या तोंडी उसना वाटतो असे माझे प्रामाणिक मत आहे. पण ते नाटक वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीला पुन्हा माणसांचे चेहरे देते, आणि शहरातल्या प्रेक्षकाला तटस्थ राहू देत नाही. हे काम त्या वर्षी मराठीत फार थोड्यांनी केले.

रेन्द्राला तुरुंग मिळाला आणि मतकरींना तो मिळाला नाही, यावरून कोण मोठा हे ठरत नाही. दोन देशांतली राज्यव्यवस्था वेगळी होती. मी ही जोडी मांडली ती आमच्या भागातल्या वाचकासाठी. नागा जमातीची गोष्ट कर्जत-खालापुरात समजावून सांगावी लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधून, पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५मध्ये खोपोलीला आणि पुढे १९२०च्या दशकात भिवपुरीला वीज तयार केली. ती डोंगरउतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांना ओलांडून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२मध्ये याच विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. जुलै २०२३मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी रात्रीत दरडीखाली गेली तेव्हा मदतीला निघालेल्यांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले, कारण वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. इतके सगळे आमच्या डोळ्यांसमोर असताना आमची मंडळे मात्र अजूनही मुंबईच्या फ्लॅटमधली विनोदी नाटके बसवतात, भाड्याने आणलेल्या सोफ्यासह. विनोदी नाटकांशी माझे भांडण नाही. आपल्या भागाचे नाटक कसे दिसेल याचा नमुना समोर नाही, ही खरी अडचण. ‘लोककथा ’७८’ असा नमुना आहे, नक्कल करण्यासाठी नव्हे, पण बांधणी समजून घेण्यासाठी.

नोकरी सोडल्यानंतर लेखणीवर घर चालवायचे होते. त्यातून व्यावसायिक नाटके आली आणि पुढे येत राहिली: ‘माझं काय चुकलं?’, ‘दुभंग’, ‘अश्वमेध’, ‘खोल खोल पाणी’, ‘बिऱ्हाड बाजलं’, ‘जावई माझा भला’, ‘कर्ता करविता’. या साऱ्यांचा दर्जा एकसारखा नाही. इतक्या मोठ्या संख्येने लिहिणाऱ्याच्या हातून काही नाटके कारागिरीवर भागवली जातात, तशी ती मतकरींच्याही हातून भागवली गेली आहेत. मात्र प्रायोगिकवाल्यांनी व्यावसायिक नाटकाला नाक मुरडावे, ही त्या काळची रीत त्यांनी कधी मानली नाही. कुटुंबासह तिकीट काढून येणारा गिरगाव-दादर-ठाण्याचा प्रेक्षक हाही त्यांना प्रेक्षकच वाटला, आणि त्याला कळेल अशा भाषेत त्याच्या घरातले प्रश्न ते मांडत राहिले. ‘घर तिघांचं हवं’ हे ताराबाई मोडकांच्या जीवनावरचे नाटक. आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी बोर्डी-कोसबाडला आयुष्य घालणाऱ्या बाईच्या घरातली ओढाताण त्यांनी व्यावसायिक रंगमंचावर आणली. उतारवयातली ‘इंदिरा’ आणि ‘गांधी : अंतिम पर्व’ ही नाटके तर सरळ राजकीय आहेत. ‘इंदिरा’मध्ये त्यांची मुलगी सुप्रिया विनोद यांनी मुख्य भूमिका केली.

गूढकथांचा विषय या पुस्तकाच्या कक्षेत येत नाही, तरी एक निरीक्षण नोंदवतो. ‘खेकडा’पासून ‘मध्यरात्रीचे पडघम’पर्यंतच्या कथांमध्ये भुतापेक्षा माणूस जास्त भीतिदायक असतो. पापभीरू, नीटनेटक्या, शेजारी राहणाऱ्या माणसाच्या मनात काय दडले आहे, याचा तो शोध आहे. ‘गहिरे पाणी’ ही त्यांची मालिका छोट्या पडद्यावर पाहिलेल्यांना ही थरथर आठवत असेल. नाटककार मतकरींना पात्राच्या आतली काळी खोली सापडते ती याच सरावाने. सत्तरी उलटल्यावर त्यांनी ‘इन्व्हेस्टमेंट’ हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला, त्याला २०१२च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. तोही एका सुस्थित, चांगल्या घरातल्या मुलाने केलेल्या गुन्ह्याविषयी आणि त्यावर पांघरूण घालणाऱ्या पालकांविषयी.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या कामाचा उल्लेख वृत्तपत्रांतल्या लेखांत एखाद्या ओळीचा होता. माझ्या दृष्टीने ते काम या पुस्तकाचा कणा आहे. पंचाहत्तरीच्या सुमारास मतकरींनी ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. ठाण्यातल्या झोपडवस्त्यांमधली किशोरवयीन मुले-मुली स्वतः नाटिका लिहितात, स्वतः बसवतात आणि ‘नाट्यजल्लोष’ या उपक्रमात एकमेकांसमोर आणि रंगभूमीवरच्या जाणत्या माणसांसमोर सादर करतात. पाण्याची रांग, दारू पिणारा बाप, अर्धवट सुटलेली शाळा, मुलीचे लवकर ठरवलेले लग्न असे विषय मुलांकडून येतात. शंभराच्या घरात नाटके आणि एकांकिका ज्याच्या नावावर आहेत अशा लेखकाने या मुलांना आपली एखादी जुनी संहिता दिली असती तर कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी तसे केले नाही. तुमची गोष्ट तुम्हीच लिहा, ही पहिली अट. १९५९मध्ये त्यांनी मुलाला प्रेक्षागृहात बसवले होते. पंचावन्न वर्षांनी त्यांनी त्याला लेखकाच्या जागी बसवले. मधल्या काळात रेन्द्रा नागा जमातीविषयी लिहीत होता, मतकरी दलित वस्तीविषयी लिहीत होते. वस्तीतल्या मुलाच्या हाती लेखणी देण्याचे काम त्याच्या पुढचे आहे, आणि ते मतकरींनी केले.

या कामाला नेपथ्य जवळजवळ लागत नाही. चटई, ढोलकी, ओढण्या, शाळेतली बाके. आमच्याकडे हे सगळे आहे. नसते ते नाट्यगृहापर्यंत जाण्याचे साधन. ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये रात्रीचे नाटक पाहायचे तर परतीला शेवटची कर्जत लोकल गाठायची, आणि कर्जतला उतरल्यावर कशेळे, कडाव किंवा कळंबच्या माणसाला पुढे वाहन नाही. फलाटावर रात्र काढून पहाटेची पहिली गाडी धरणारे शौकीन मला ठाऊक आहेत, पण त्यांत बाया नाहीत, वाडीवरची पोरे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ज्याची मजुरी बुडते असा माणूस नाही. प्रेक्षक कोण नाही, हे आमच्या तालुक्यात रेल्वेच्या वेळापत्रकावरूनच कळते. म्हणून जिल्हा परिषद शाळेच्या ओसरीवर आठवीतल्या ठाकर मुलींनी स्वतः रचलेली वीस मिनिटांची नाटिका मला महत्त्वाची वाटते. भाताच्या लावणीला शाळा बुडवून जावे लागते, त्यावरची ती नाटिका होती. मास्तर हजेरी घेतो आणि प्रत्येक नावाला मागून समूह शेताचे नाव सांगतो, ही त्यांची स्वतःची कल्पना. ‘लोककथा’ त्यांनी वाचलेली नव्हती. त्यांच्याकडच्या नाचात एक जण गाणे धरतो आणि बाकीचे त्याला उत्तर देतात, तीच रीत त्यांनी हजेरीला लावली.

पुस्तकात पुढे काय आहे ते सांगतो. पहिला भाग बालनाट्यांचा आहे आणि तो शिक्षकांनी आधी वाचावा. त्यात संहितांची ओळख आहे, तसेच कमी साधनांत राक्षस आणि चेटकीण कशी उभी करावी याची चर्चा आहे. दुसरा भाग ‘आरण्यक’ आणि ‘लोककथा ’७८’ या दोनच नाटकांना दिला आहे. कुणाला हे प्रमाण विषम वाटेल. मला ते योग्य वाटते. व्यावसायिक नाटकांवरचे प्रकरण आटोपशीर आहे. तिसरा भाग ‘वंचितांच्या रंगमंचा’ची कार्यपद्धती मांडतो आणि ज्यांना आपल्या वाडीत असे काही सुरू करायचे आहे त्यांनी थेट तिथून सुरुवात केली तरी चालेल. मतकरींचे ‘माझे रंगप्रयोग’ हे आत्मकथनाच्या वळणाचे मोठे पुस्तक मिळवून सोबत ठेवावे. त्यांनी स्वतः एकेका प्रयोगाविषयी जे लिहिले आहे त्याची जागा आमचे पुस्तक घेऊ शकत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. गावच्या उत्सवातला प्रयोग असो की शाळेच्या गॅदरिंगमधला, संहिता हाती आली म्हणजे ती आपली झाली असे धरून चालण्याची सवय आमच्याकडे जुनी आहे. बँक सोडल्यानंतर मतकरींनी लेखणीवर घर चालवले. त्यांचे कुठलेही नाटक बसवण्याआधी लेखकाच्या कुटुंबाची लेखी परवानगी घ्यावी, ठरेल ते मानधन प्रयोगाआधी पोचवावे आणि हस्तपत्रकावर लेखकाचे नाव नटांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. संहितेत काटछाट करायची असेल तर तेही परवानगीच्या पत्रातच विचारून घ्यावे. आणि मुलांनी स्वतः लिहिलेली नाटिका असेल तर त्या पत्रकावर लेखक म्हणून मुलांची नावे यावीत, बसवणाऱ्या शिक्षकाचे त्यांच्याखाली.